नुसतं ‘चालेल’

माझी आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या गाडीखाली होता.

म्हणजे अगदी पूर्ण नाही, पण कमरेपर्यंत तरी. सकाळची वेळ, पाऊस जेमतेम थांबलेला, कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास येतोय, आणि मी पाण्याच्या बाटल्यांचा खोका पोटाशी धरून गाडीपाशी येते तर काय – मागच्या चाकाशेजारी दोन पाय. मी खोका खाली ठेवला आणि विचारलं, इथे काय चाललंय? पाय सरकले, मग शर्टाचा चिखलानं माखलेला भाग बाहेर आला, आणि सगळ्यात शेवटी एक निवांत चेहरा. केसांत पावसाचे थेंब. ब्रेक बघत होतो, म्हणाला. इतक्या सहज, की जणू मीच त्याला बघायला सांगितलं होतं.

तो उठला, पँटला हात पुसले, गाडीकडे खालून वर पाहिलं. मग... मला उगाचच वाटलं, माझ्याकडेही पाहिलं.

“चालेल,” तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय बोलायचं? गाडी माझी. आदल्या दिवशी कंबर मोडेपर्यंत घासूनपुसून चकाचक केलेली. आणि हा कोण टिकोजीराव तिला चालेल म्हणणार? मी म्हटलं, “चालेल काय, पळेल.”

त्यानं जरा विचार केला. “पळवू नका. रस्ते ओले आहेत.”

माझा विनोद त्याच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या गटारात पडला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आजचा दिवस माझं डोकं खाणार.

मी काय करते ते सांगते. दर रविवारी शहरातल्या चारसहा माणसांना गाडीत घालून मी बाहेर, टेकड्यांपलीकडे नेते. तिकडे छोट्या छोट्या वाइनरी आहेत, छोट्या ब्रुअरी आहेत. मोठ्या कारखान्यांसारख्या नाहीत. इथे मालकच बाटल्या धुतो आणि मालकीणच पेले भरते. लोक पिंपं बघतात, टाक्या बघतात, घोटघोट चाखतात, हसतात, संध्याकाळी मी त्यांना परत आणून सोडते. गाडी मी चालवत असल्यामुळे मी स्वतः फक्त वास घेते. हे काम मी शून्यातून उभं केलंय. दादाचं टाइल्सचं दुकान आहे, तिथे काउंटरमागे मी बसायचे, आणि माझी खुर्ची त्यानं अजून हलवलेली नाही. हौस फिटली की ये, असं तो म्हणतो. आणि ते प्रेमानं म्हणतो, हेच जास्त डोक्यात जातं.

त्यातून हा रविवार साधासुधा नव्हता. आमच्या फेरीचा सगळा डोलारा काकूंवर उभा आहे. काकू म्हणजे द्राक्षमळ्याच्या काकू, सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांनी हो म्हटलं म्हणून बाकीच्यांनी हो म्हटलं. मागच्या खेपेला माझ्या एका पाहुण्यानं काकूंच्या लाल वाइनमध्ये त्यांच्या देखत कोला ओतला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी निघताना काकू म्हणाल्या की आणखी एक असला नमुना आणलास तर फाटक बंद. काकूंचं फाटक बंद म्हणजे बाकीचीही बंद. म्हणजे टाइल्स. म्हणजे ती खुर्ची.

म्हणून या वेळी मी पाहुणे निवडून घेतले होते. एक निवृत्त मुख्याध्यापक सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई. एकाच ऑफिसात काम करणाऱ्या तीन मैत्रिणी, ज्यांना मी मनातल्या मनात तिघी म्हणत होते. आणि सहावे म्हणून एका सभ्य गृहस्थांनी जागा घेतली होती. ते सभ्य गृहस्थ पोट बिघडून घरी झोपले होते आणि त्यांनी आपल्या जागी आपल्या मेव्हण्याला पाठवलं होतं. तो हा.

मी त्याला मागे बसायला सांगितलं. तो म्हणाला, मागे बसलं की गाडी लागते. मी मनात म्हटलं, झालं, आता उलट्याही काढा. त्याला पुढे, माझ्या शेजारी बसवलं.

पण एक सांगते, खोटं कशाला बोलू. रस्ता टेकड्यांत शिरला, पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला, आणि समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली, तेव्हा तो पुढे वाकला आणि स्वच्छ घडीचा रुमाल काढून माझ्या बाजूची काच पुसायला लागला. दर वळणाला. माझ्या हाताला धक्का लागणार नाही इतक्या बेतानं. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता. मला ते बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

पहिला थांबा होता फेसवाल्यांची ब्रुअरी. आधी तिथे गाड्या दुरुस्त व्हायच्या, आता तांब्याची एक टाकी आहे, माल्टची पोती आहेत, आणि आत शिरलं की भाजलेल्या धान्याचा असा ऊबदार वास येतो की कोट काढून ठेवावासा वाटतो. फेसवाले मोठे हौशी. त्यांच्या मते बिअरमध्ये सगळं काही फेसात असतं. त्यांनी नवी बिअर काढली, प्रत्येकाच्या हातात पेला दिला, आणि परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे समोर उभे राहिले. तिघी एका सुरात मस्त म्हणाल्या. सरांनी जुन्या काळी बिअर कशी बनत असे यावर तास घेतला. मग पाळी आली याची.

यानं पेला उजेडाकडे धरला. वास घेतला. एक घोट घेतला आणि थांबला... किती थांबला म्हणून सांगू. फेसवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थकून गेलं. मग आणखी एक घोट. मग पेला खाली ठेवून म्हणाला, “चालेल.”

फेसवाल्यांचा चेहरा पडला. त्यांच्या बिअरवरचा फेस तेवढा उभा.

मी त्याला बाहेर काढलं, पोत्यांच्या आडोशाला नेलं, आणि दबक्या आवाजात जेवढं झापता येतं तेवढं झापलं. ही माणसं जीव ओतून काम करतात. चार गोड शब्द बोललं तर जीभ झिजत नाही. पुढच्या ठिकाणी मळ्याच्या काकू आहेत, आणि तिथे जर तुम्ही असं काही बोललात तर माझं सगळं संपलं. दुकान, दादा, खुर्ची, सगळं मी त्याला सांगून टाकलं. का सांगितलं देव जाणे. तो इतका लक्ष देऊन ऐकत होता की माझी गाडी थांबेचना.

“मग काय म्हणू?” त्यानं विचारलं.

“काहीही म्हणा. छान म्हणा, सुंदर म्हणा, अप्रतिम म्हणा.”

“आणि मला तसं वाटलं नाही तर?”

“तरी म्हणा.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. डोळे तपकिरी, आणि पापण्या मुलींना हेवा वाटावा अशा. भलत्या वेळी भलतं दिसतं माणसाला. “तुम्ही दिवसातून किती वेळा अप्रतिम म्हणता?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, लागेल तितक्या वेळा. तो हसला. पहिल्यांदाच. मी पोत्यावरचं नसलेलं कुसळ काढायला लागले.

काकूंच्या मळ्यात पोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. वेलींच्या रांगा टेकडीवरून खाली उतरत होत्या, पानांवर पाणी चमकत होतं. काकू फाटकात उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर, या वेळी कोणाला आणलंयस, हा प्रश्न. त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. तिथे गार, दमट हवा, ओल्या लाकडाचा वास, आणि पिंपांच्या दोन रांगा. काकू जास्त बोलत नाहीत. पेल्यात वाइन ओततात, हाताची घडी घालतात, आणि पेल्याकडे न बघता माणसाच्या तोंडाकडे बघतात. भलेभले तिथे गडबडतात.

सर बोलायला लागले, काकूंनी मान हलवून त्यांना थांबवलं. तिघी छान, सुंदर म्हणाल्या, बाईंनी चक्क दुसरा पेला मागितला. मला हायसं वाटलं. मग काकू याच्यासमोर आल्या.

मी काकूंच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यानं पेला उजेडाकडे धरला तशी मी खुणा करायला सुरुवात केली. डोळे मोठे केले. पाचही बोटं ओठांशी नेली आणि उघडली. ओठांनीच, आवाज न करता, छान म्हटलं, अप्रतिम म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदा मान हलवली, म्हणजे कळलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटून ठेवले की पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब पडलेला मला ऐकू आला.

“कशी आहे?” काकूंनी विचारलं.

“चालेल.”

काकूंनी त्याच्या हातातून पेला घेतला. शांतपणे. उरलेली वाइन बादलीत ओतली. आणि म्हणाल्या की जेवण वर मांडलंय, ते जेवून घ्या आणि या. गरम सूप होतं, पाव होता, त्यांनी घरी केलेलं चीज होतं, आणि मी नुसते पावाचे तुकडे करत बसले. निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “तू कधीही ये. चहाला ये. पण माणसं आणू नकोस आता. या वयात मला कुणाकडून चालेल ऐकून घ्यायचं नाहीये.”

मी गाडीपाशी आले. तो पुढचं दार उघडून उभा होता. मी म्हटलं, “मागे बसा.”

त्यानं दार लावलं. मागे जाऊन बसला. पुढच्या जागेवर सर आले आणि मला वेलींचे प्रकार सांगायला लागले.

आता त्या मळ्यापासून पुढचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. गाडीत बसलेल्या धडधाकट माणसाचंही पोट ढवळतं. पहिल्या वळणावर मला बरं वाटलं – भोगा आता. दुसऱ्यावर जरा वाईट वाटलं. तिसऱ्यावर मी वेग कमी केला आणि आरशातून मागे पाहिलं, म्हटलं पिशवी तरी द्यावी बिचाऱ्याला. तर बिचारा बाईंच्या शेजारी अंग चोरून बसला होता आणि बाईंना शब्दकोडं सोडवायला मदत करत होता. गाडी एका अंगावर कलली तरी त्याची पेन्सिल हलत नव्हती. मधूनच मान खाली घालून बारीक अक्षरातली शोधसूत्रंही वाचत होता.

मी बसथांब्याच्या शेडपाशी गाडी थांबवली. मला पाच मिनिटं मोकळी हवा हवी, असं सगळ्यांना सांगितलं आणि उतरले. पाऊस पुन्हा लागला होता. शेडच्या पत्र्यावर तडतड चालली होती. तो माझ्यामागे आलाच.

“तुम्हाला गाडी लागते म्हणाला होतात,” मी म्हटलं.

“हो.”

“लागत नाही तुम्हाला.”

“नाही.”

“मग?”

त्यानं बुटांकडे पाहिलं. “पुढे बसायचं होतं.”

मला काय वाटलं ते मला धड सांगता येणार नाही. आत कुठेतरी बरं वाटलं खरं, पण वरून माझा पारा असा चढला होता की ते बघायला सवड नव्हती. म्हणजे या माणसाला खोटं बोलता येतं! माझ्या शेजारी बसायला येतं, आणि काकूंसमोर एक शब्द, एक साधा ‘छान’, तेवढा येत नाही? मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ठोंब्या म्हणाले एवढं नक्की. माझ्या पोटावर पाय दिलात म्हणाले. मग मला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून मी आणखी चिडले.

तो तसाच उभा होता. मग त्यानं तो काच पुसलेला रुमाल काढला, बघितला, ओला आहे म्हणून परत खिशात ठेवला, आणि बाही पुढे केली. माझ्या समोर. मी त्याच्या बाहीला डोळे पुसले. हो, पुसले. दुसरं काही नव्हतं तिथे.

“मी लिफ्ट तपासतो,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द जोडत. तो लिफ्टचा तपासणीस आहे. दिवसभर इमारती फिरायच्या. लिफ्टच्या डोक्यावर चढून उभं राहायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, दारं बघायची. रिकामी चालवायची, भरून चालवायची, मध्येच थांबवायची. हे सगळं झालं की शेवटी दोनच शब्द. चालणार नाही, किंवा चालेल. तिसरा शब्द त्यांच्याकडे नाहीच. आणि तो एकदा चालेल म्हणाला की दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या, शाळेची मुलं, बाळंतीण घरी घेऊन आलेला नवरा, सगळे त्यात पाय ठेवतात आणि क्षणभर विचारही करत नाहीत.

“छान आहे म्हणून कुणी लिफ्टमध्ये चढत नाही,” तो म्हणाला. “चालेल म्हटलं की मी माझ्या आईला तिच्यात पाठवतो. याहून वरचा शब्द माझ्याकडे नाही.”

पत्र्यावरचा पाऊस वाढला. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग मला सकाळ आठवली, गाडीखाली घुसलेला हा, आणि माझ्या गाडीला त्यानं दिलेलं ते ‘चालेल’. तो तोंडदेखला शब्द नव्हता. तो या माणसाचा अखेरचा, मोजूनमापून दिलेला शब्द होता.

आणि लगेच मला त्याचा गळा धरावासा वाटला. “अहो, मग हे काकूंना सांगायला काय झालं होतं?”

“सांगणार होतो. पण तुम्ही बोलू नका म्हणालात.”

“मी? कधी?”

त्यानं पाचही बोटं ओठांशी नेऊन दाखवली. “तोंड बंद ठेवा, असंच ना?”

यावर मी शेडच्या बाकावर बसून घेतलं. दोन्ही हातांत डोकं धरलं. हसू आणि रडू एकाच वेळी यायला लागलं की दोन्हींतलं काहीच नीट येत नाही. तो शेजारी बसला, मध्ये एक माणूस बसेल इतकं अंतर ठेवून. मला ते अंतर फार वाटलं. तसं म्हणायचा धीर मात्र झाला नाही.

गाडीतून तिघी काचेला नाकं लावून बघत होत्या. म्हणून निघालो. या वेळी सर आपण होऊन मागे गेले, आणि बाईंनी मला आरशातून डोळा मारला, हे मी शपथेवर सांगते.

शेवटचा थांबा एका जोडप्याची ब्रुअरी. घरामागच्या शेडमध्ये नवरा बिअर करतो, बायको ती विकते आणि दोघं दिवसभर भांडतात. आम्ही आत शिरलो तर बायको दारातच उभी. “हेच का ते?” तिनं विचारलं. काकूंचा फोन आमच्या आधी पोचला होता. या भागात बातमीला वळणं लागत नाहीत.

तिनं बाकीच्यांना थांबवलं आणि पहिला पेला त्याच्याच हातात दिला. नवरा शेजारी छाती काढून उभा. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. पेला उजेडाकडे गेला असेल. वास घेतला असेल. घोट. थांबणं. दुसरा घोट.

“चालणार नाही,” तो म्हणाला.

मी डोळे उघडले. नवरा लालबुंद झाला होता. काय चालणार नाही, का चालणार नाही, तुम्हाला बिअरमधलं काय कळतं, अशी सरबत्ती सुरू झाली. तो म्हणाला, बिअरमधलं मला काही कळत नाही. पण हा पेला मी माझ्या आईच्या हातात देणार नाही. तेवढं सांगता येतं.

बायको जी हसायला लागली ती थांबेचना. हे पिंप बिघडलंय असं ती आठवडाभर सांगत होती म्हणे, आणि नवरा तिला, तुला नाक नाही, असं म्हणत होता. आता बाहेरून आलेल्या माणसानंच सांगितलं. तिनं ते पिंप नवऱ्याला शेडच्या बाहेर ढकलायला लावलं, आम्हाला दुसऱ्यातली बिअर दिली, आणि तशीच हसत हसत काकूंना फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. लिफ्टचंही सांगितलं, कारण तोवर बाईंचं ते तिला सांगून झालं होतं. बसथांब्यावरचं आमचं बोलणं गाडीत कसं ऐकू गेलं, ते बाईंनाच ठाऊक.

पलीकडे काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन त्याला द्यायला सांगितला. आम्हाला फक्त त्याच्याकडचं ऐकू येत होतं.

“हो... नाही... हो, दोन घोट... नाही, उगाच म्हणालो नाही... हो. आईला. हो, देईन.”

मग फोन माझ्याकडे आला. काकूंचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण शेवटाला जरा हलला. म्हणाल्या, “इतकी वर्षं सगळे छान छान म्हणून निघून जातात. मला कळतं का त्यातून काही? पुढच्या रविवारी गाडी आण. पण तो माणूस पाहिजे गाडीत. तो नसेल तर मला पाहुणे नकोत.”

येतानाच्या रस्त्यावर तिघी झोपल्या. सर झोपले. तो माझ्या शेजारी काच पुसत होता, आणि मी मनात शब्द जुळवत होते. पुढच्या रविवारी या. तुम्ही आलात की माझं काम राहतं. किती सोपं वाक्य! दिवसभर मी याहून कितीतरी अवघड वाक्यं फडाफड बोलले होते.

कोपऱ्यावर पोचलो तेव्हा दिवे लागत होते. सगळे उतरले, आभार मानले, बाईंनी माझ्या गालाला हात लावला. तो उतरला नाही. मी इंजिन सुरूच ठेवलं होतं. मग मी त्याला काकूंची अट सांगितली आणि विचारलं, याल ना?

“नाही,” तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काकूंच्या फाटकासाठी येणार नाही,” तो म्हणाला. नेहमीसारखाच सावकाश, पण त्याचे कान लाल झाले होते. “तुमचं काम राहावं असं मला वाटतं. खूप वाटतं. पण मी तेवढ्यासाठी शेजारी बसलो तर... मला रोज वाटेल की तुम्ही मला किल्ली म्हणून आणलंय.”

काय माणूस आहे! एवढं सगळं जुळून आलेलं, नुसतं हो म्हणायचं बाकी, आणि याला आता हे सुचावं. मी स्टिअरिंगवर हात आपटला. म्हटलं, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं परवडलं. तो ऐकत होता. तसाच, पेल्यासमोर थांबतो तसा. कुठेही जायची घाई नाही. आणि मला कळलं की मी गोड बोलून यातून सुटणार नाही. छान, सुंदर, अप्रतिम, दिवसभर मी वाटत फिरते ते सगळे शब्द या माणसापुढे कुचकामी होते.

“ठीक आहे,” मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दे. “उद्या मी काकूंना कळवते की तुम्ही येणार नाही. फाटक बंद तर बंद. मी टाइल्स विकेन. त्यासाठी तुम्हाला नेणार नाही, झालं? आता दुसरं. मला आज दिवसभर तुमचा राग आला. अजून येतोय. आणि तुम्ही आत्ता उतरून गेलात तर... घरी जाऊन मला करमणार नाही. मला तुम्ही आवडलात. काकू, वाइन, रविवार, सगळं बाजूला ठेवून. कुठल्याही दिवशी या. सोमवारी या. गाडी नसली तरी या.”

बोलून टाकलं आणि मी समोर बघत राहिले. बेकरीवाला फळ्या लावत होता. काच धुरकट झाली होती आणि या वेळी ती कुणी पुसत नव्हतं.

“रविवारी मी काकूंकडे येतो,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना मी फोनवर तसं सांगूनच ठेवलंय. ती वाइन मला आईसाठी न्यायची आहे.”

मी गर्रकन वळले. “मग आत्ता ‘नाही’ का म्हणालात?”

“तुम्ही कशासाठी विचारताय ते बघत होतो.”

आता मात्र मी त्याला खरंच मारणार होते. हात उचललाही होता. त्यानं तो हात वरच्या वरच धरला, आणि सोडला नाही. त्याचा तळवा खरखरीत होता.  त्याचे ओठ एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

“मला पण सांगायचंय,” तो म्हणाला. “सकाळपासूनचं आहे. पण मला बोलायला वेळ लागतो. इंजिन बंद करा.”

मी इंजिन बंद केलं.